खळ्यापलीकडची तेवीस घरं

राबहावन्सं आल्या तेव्हा कुसकुसची परात अर्धी झाली होती. शुक्रवारची नमाज उरकून सगळे बसलेले, आणि शुक्रवारच्या परातीला उशीर करणाऱ्यानं आमच्या घरात बोलणी खायची हा रिवाज आहे. सासूबाईंनी तोंड उघडलंही होतं. पण वन्सं परातीकडे आल्याच नाहीत. अंगणातल्या नळाखाली त्यांनी हात धुतले, साबण लावून परत धुतले, मग तिसऱ्यांदा धुतले.

"कातडी सोलून निघेल," लहबीब म्हणाला. लहबीब माझा नवरा. अगादीरला औषधांचं दुकान चालवतो आणि गावी आला की फुकट सल्ले वाटतो.

वन्सं ओल्या हातांनी तशाच सासऱ्यांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "बा, खळ्यापलीकडं घरं किती आहेत?"

सासऱ्यांनी भोपळ्याची फोड उचलली होती. "खळ्यापलीकडं घरं कुठं आहेत?"

"मसऊदाचा पाय काळा पडलाय. घोट्यापर्यंत. अंगठा तर..." त्यांचं लक्ष परातीकडे गेलं आणि पुढचं त्यांनी गिळलं.

थोरल्या भाऊजींचा, इद्दरभाऊजींचा, घास हातातच राहिला. ते जन्मले तेव्हा सासूबाई चाळीस दिवस तापानं फणफणलेल्या होत्या. मसऊदाच्या मांडीवर तेव्हा तिची स्वतःची मुलगी होती, तिनं दोघांना पाजलं. आमच्याकडे दुधाचं नातं रक्ताइतकंच पक्कं. त्या मुलीशी भाऊजींचं लग्न होऊ शकलं नसतं, ती सख्खी बहीणच. एवढं नातं, आणि भाऊजी त्या दारात शेवटचे कधी गेले होते ते विचारू नका.

"तू तिकडं कशाला गेली होतीस?" लहबीबनं विचारलं.

"छपरं मोजायला."

सोमवारी करार व्हायचा होता. गावची आरोग्य संस्था, प्रांताचं आरोग्य कार्यालय आणि शेजारची दोन गावं मिळून एक गाडी ठेवायची, दुसरी नर्स नेमायची, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्यांना न्हाऊमाखू घालायला एक बाई ठेवायची. संस्थेचे अध्यक्ष इद्दरभाऊजी. घरोघर जाऊन साखर आणि रक्तदाब बघणारी नर्स म्हणजे राबहावन्सं, अकरा वर्षं झाली. आमच्या अर्जात ठळक अक्षरात लिहिलं होतं की गावातलं एकही घर सुटलेलं नाही. त्यावरच तर करार मंजूर झाला होता. मी अगादीरच्या शेजारणींना हे कितीदा ऐकवलं असेल.

"कार्यालयानं वरून काढलेला फोटो पाठवला," वन्सं सांगू लागल्या. "आपल्या यादीत एक्केचाळीस घरं. फोटोत छपरं चौसष्ट. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जास्तीची तेवीस काय आहेत ते सोमवारच्या आत बघून ठेव. मी म्हटलं, गोठे असतील, कडब्याच्या खोल्या असतील. खुणा करायला गेले."

"आणि?"

"एकाही छपराखाली गुरं नाहीत."

"तिथं माणसं राहतात हे तुला आज कळलं?" लहबीब हसला.

"नाही," वन्सं म्हणाल्या. "तेच तर."

त्याचं हसू तिथंच विरलं. ती माणसं कुणाला ठाऊक नव्हती? आमचे खजूर तीच उतरवतात, आमच्या पाटातला गाळ तीच काढतात, आमच्या लग्नात ढोल तीच वाजवतात. आत्ताच्या परातीतले सलगम त्यांच्यातल्याच एकीनं सकाळी आणून दिले होते. पण घर कशाला म्हणायचं हे आमच्या गावात पाण्यानं ठरतं. ज्याला पाटाच्या पाण्याची बारी आहे ते घर. ज्याला नाही ते बिऱ्हाड, मग ते चार पिढ्या तिथंच का असेना.

आणि सासरे, सी हम्मादी, म्हणजे गावचे पाटकरी. कुणाच्या बागेत कधी पाणी सोडायचं हे चाळीस वर्षं त्यांच्या तोंडपाठ, कागद नाही की पेन्सिल नाही. वीस वर्षांपूर्वी संस्था निघाली तेव्हा कार्यालयाच्या माणसानं विचारलं होतं, गावात घरं कोणकोणती. सासऱ्यांनी बाऱ्या म्हणून दाखवल्या आणि भाऊजींनी उतरवून घेतल्या. लबाडी कुणीही केली नाही. लबाडी असती तर बरं होतं असं वन्सं मला पुढं एकदा म्हणाल्या. लबाडी केलेल्याला निदान आठवण तरी असते. नर्ससुद्धा मग त्याच क्रमानं फिरू लागली. आज वरच्या पाटाची घरं, उद्या मधल्या, परवा खालच्या.

"मला कुणी का सांगितलं नाही?" भाऊजी म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता. "माझ्याकडे का नाही आली ती?"

"मी विचारलं तिला. म्हटलं, मसऊदा, अकरा वर्षं मी तुमच्या दारावरून जाते, एकदा हाक मारायची होती. तर म्हणाली..." वन्सं खाली बसल्या. "म्हणाली, पोरी, मला वाटलं आमची बारी अजून आली नाही. फेरी संपून पुन्हा पहिल्या घरापासून सुरू झाली की म्हणायची, पुढच्या फेरीला येईल."

सासूबाईंनी परातीवर झाकण ठेवलं. मला रागच आला, कुणाचा ते कळेना.

"टॅक्सी उभी करून आलेय," वन्सं म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंशी फोनवर बोलले. आज संध्याकाळच्या आत पाय काढला तर वाचेल. विष वर चढलं की संपलं. पण ती हलायला तयार नाही."

"का?"

"म्हणते, बारी नसताना पाणी घेतलं तर ती चोरी. मी जन्मात चोरी केली नाही, आता म्हातारपणी करणार नाही. ज्यानं बाऱ्या लावल्या त्यानं येऊन सांगावं."

सगळ्यांच्या नजरा सासऱ्यांकडे वळल्या.

ते बोटं पुसत होते. एकेक बोट, सावकाश. त्यांच्या मनात काय चाललं होतं ते मला तेव्हाच दिसत होतं, कारण त्या वर्षी घरात दुसरा विषयच नव्हता. धरणातून पाणी सुटलं नव्हतं, विहिरी तळाला गेल्या होत्या, वरच्या बागेतली निम्मी झाडं शेंड्याला पिवळी पडलेली. आहे तेच पाणी एक्केचाळिसांना पुरत नव्हतं.

"इद्दर, तू जा," ते म्हणाले. "तुला तिनं पाजलंय. उचलून टॅक्सीत घाल."

"ती तुम्हाला बोलावतेय, बा."

"मी गेलो आणि बारी दिली असं म्हणालो, तर त्याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? बारी आली की घर आलं. आज नर्सची बारी मागतायत. उद्या पाण्याची मागतील."

"बा बरोबर बोलतायत," लहबीब म्हणाला. आता मात्र तो हसत नव्हता. "आणि दुसरंही बघा. ही बाई आज इस्पितळात गेली की तिथं लिहिणार, साखर इतकी, पाय सडलेला, कधी कुणी तपासलेली नाही, गाव अमुक. तेच गाव ज्याचं एकही घर सुटलेलं नाही. सोमवारी सही होईल का? गाडी जाईल, दुसरी नर्स जाईल. तिन्ही गावांची. मी म्हणतो, माझ्या ओळखीचा डॉक्टर आहे, खाजगी दवाखान्यात नेऊ. सोमवार उलटू दे, मग सावकाश ती तेवीस घालू यादीत."

"सावकाश," वन्सं म्हणाल्या. "अजून एक फेरी."

"गाडी आली तर त्यांनाही मिळेल ना? मी काय शत्रू आहे तिचा?"

त्याचं म्हणणं अगदीच चुकीचं नव्हतं, ही मोठी पंचाईत होती. भाऊजी मान खाली घालून बसले होते, ते वन्संना सहन होईना. "दादा, तू तरी बोल. तुझ्या पोटात तिचं दूध आहे."

"यादीत माझं अक्षर आहे," भाऊजी एवढंच म्हणाले.

सासरे ताठ बसले. "यादीत काही चूक नाही. मी चाळीस वर्षांत एक नाव चुकलेलो नाही." आणि त्यांनी म्हणायला सुरुवात केली. अंगठा बोटांच्या पेरांवर फिरवत ते नावं घेतात. वरच्या पाटाला ऐत वाझ्झू, मग दर्काउईची विधवा, मग गिरणीवाला... आम्ही सगळे कान देऊन ऐकत होतो. हे आम्ही हजारदा ऐकलं होतं, पाळण्यातली पोरं याच्यावर झोपतात. पण त्या दुपारी पहिल्यांदा मी त्यात एक नाव शोधत होते. मधला पाट झाला. खालचा पाट झाला. एक्केचाळिसावं नाव घेऊन सासरे थांबले, श्वास घेतला, आणि सवयीनं पुन्हा पहिल्या नावावर गेले. ऐत वाझ्झू.

मग त्यांचा अंगठा पेरावरच राहिला.

"मसऊदाचं कुठं आलं, हाज्ज?" सासूबाईंनी विचारलं.

"तिला पाणी नाही."

"मी पाण्याचं विचारत नाही. मी पायाचं विचारतेय."

सासूबाई नवऱ्याशी या आवाजात बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. आणि मसऊदाच्या बाजूनं त्या बोलतील असं तर घरात कुणालाच वाटलं नसतं. मसऊदाचं नाव निघालं की त्या उठून चुलीकडे जायच्या.

"तुला काही सांगायचंय, इद्दर," त्या म्हणाल्या. "सात वर्षांचा होतास. पडलास, लागलं, की मसऊदाच्या नावानं आई आई करून रडायचास. मी समोर असताना. मला ते बघवेना. मीच तिला सांगितलं, खळं ओलांडून माझ्या दारी यायचं नाही. तुलाही सांगितलं, तिकडं जायचं नाही, तिथं कुत्री आहेत."

"मला वाटायचं तिलाच मी नको झालो," भाऊजी म्हणाले. साठीकडे झुकलेला माणूस, संस्थेचा अध्यक्ष, आणि आवाज अगदी त्या सात वर्षांच्या पोराचा. "सणाला वाट बघायचो मी. मग सोडून दिलं."

"ती यायची. खळ्याच्या कडेला उभी राहायची. मी पाहिलंय." सासूबाईंनी ओढणी सावरली. "हाज्ज, तुम्ही येणार नसाल तर मी जाते. पण बारी मी देऊ शकत नाही. ती तुमच्याच तोंडून व्हायला हवी."

सासरे उठले. काठी शोधली, ती हातातच होती. बाहेर पडताना लहबीबला एवढंच म्हणाले, "तूही चल. तुझ्या खांद्यात जोर आहे."

खळं ओलांडायला पाच मिनिटं लागतात. मी लग्न होऊन या घरात आल्याला सव्वीस वर्षं झाली आणि ती पाच मिनिटं मी त्या दिवशी पहिल्यांदा चालले.

एकाच खोलीचं बिऱ्हाड. बिऱ्हाड म्हणतेय बघा, जीभ अजून वळत नाही. वास दारापासूनच होता. मसऊदा भिंतीला टेकून बसली होती, पाय फडक्यात गुंडाळलेला. डोळ्यांत पांढरं पडलेलं; साखरेनं तेही नेले होते. शेजारच्या दोघीतिघी उठून उभ्या राहिल्या. सासऱ्यांना बघून त्यांनी पदर पुढं ओढले, पण जागेवरून हलल्या नाहीत.

"कोण आलंय एवढं?" तिनं विचारलं.

भाऊजी गुडघ्यांवर बसले. "मी इद्दर."

"कोणता इद्दर?"

भाऊजींनी तिचा हात घेऊन आपल्या चेहऱ्यावर ठेवला. तिनं गाल चाचपला, दाढी चाचपली. "म्हातारा झालास की," ती म्हणाली, आणि हात काढून घेतला. प्रेमानं काढला की रागानं, मला सांगता येणार नाही.

सासरे दारातच उभे होते. "मसऊदा, तुझी बारी लागलीय. चल."

"कितवी?"

त्यांना हे अपेक्षित नव्हतं. "बेचाळिसावी."

"आज कुणाची चाललीय?"

"माझी. शुक्रवार माझा असतो."

"मग मी तुझ्या बारीत कशी घुसू?"

"मी माझी तुला देतो. रिवाज आहे तसा. इतक्या माणसांसमोर देतो."

"एका बारीत तेवीस घरं भिजत नाहीत, सी हम्मादी."

सासऱ्यांनी काठी घट्ट धरली. लहबीबनं त्यांच्याकडे पाहिलं, मी लहबीबकडे पाहिलं. बाहेर टॅक्सीवाल्यानं एकदा भोंगा वाजवला.

"बेचाळीसपासून चौसष्टपर्यंत," सासरे म्हणाले. "सोमवारच्या कागदावर. नर्सच्या फेरीत."

"आणि पाणी?"

"पाण्याचं गावाला विचारावं लागेल. मी एकटा ते देऊ शकत नाही. खोटं कशाला बोलू?"

मला वाटलं, ती नाही म्हणणार. तिनं बराच वेळ मान हलवली, हो नाही काहीच कळेना. त्या बायकांपैकी एक रडत होती. सासरे उंबऱ्यातून आत आले. चाळीस वर्षांत जे एकदाही म्हणाले नव्हते ते म्हणाले. "मी विसरलो, मसऊदा. तुमच्या बाऱ्या मी विसरलो."

"विसरला नाहीस," ती म्हणाली. "विसरायला आधी ठाऊक असावं लागतं."

पुढं आला तो माझा नवरा. त्यानं अंगातलं चांगलं जाकीट काढलं, तिच्याखाली सरकवलं, आणि एका हातानं पाठ, एका हातानं मांड्या धरून तिला उचललं, फडक्यातल्या पायाला धक्का न लावता. "आई, मान माझ्या खांद्यावर टाका," तो म्हणाला. तिनं टाकली. टॅक्सीपर्यंत तो एकदाही थांबला नाही. सोमवारचं काय, असं त्याला त्या रात्री मी विचारलं तर म्हणाला, वजन काहीच नव्हतं गं तिचं.

टॅक्सीत तिच्याबरोबर भाऊजी, वन्सं आणि मी. वाटेत भाऊजींनी डॉक्टरीणबाईंना फोन लावला. "अर्जातला आकडा चुकीचा आहे," ते म्हणाले. "एक्केचाळीस नाही, चौसष्ट. त्यातली तेवीस आम्ही कधीच पाहिली नाहीत. चूक माझी आहे, राबहाची नाही." बाई म्हणाल्या, सोमवारी या, करार होईल की नाही मी सांगू शकत नाही, पण बाईंना आधी पोचवा. वन्सं खिडकीबाहेर बघत होत्या आणि मसऊदाची नाडी धरून होत्या.

इस्पितळात सर्जननं फडकं सोडलं आणि लगेच परत झाकलं. गुडघ्याच्या वरून काढावा लागेल, आत्ता काढला तर जगेल, म्हणाले. ती जगली, हे मी इथंच सांगून टाकते, पुढं अकरा महिने. मसऊदानं कागदावर स्वतःच अंगठा उठवला. राहिली फक्त नोंद. खिडकीतल्या कारकुनानं कोरा फॉर्म पुढं ओढला.

"नाव?"

"मसऊदा," भाऊजी म्हणाले.

"वय?"

भाऊजींनी वन्संकडे पाहिलं. "पंचाहत्तर," वन्सं म्हणाल्या. "असेल."

"बापाचं नाव?"

भाऊजींनी परत वन्संकडे पाहिलं, वन्संनी माझ्याकडे पाहिलं. मी कुणाकडे बघणार?

"तुमचं नातं काय?" कारकुनानं विचारलं.

"मुलगा."

कारकुनानं पेन थांबवलं. "मुलगा. आणि आजोबांचं नाव माहीत नाही?"

मागच्या रांगेतला एक माणूस खाकरला. भाऊजी काहीतरी सांगू लागले, दुधाचं नातं, फार पूर्वीची गोष्ट, पण वाक्य पुरं होईना.

"बिलाल," खाली स्ट्रेचरवरून आवाज आला. आम्हाला वाटलं होतं तिला ग्लानी आहे. "बिलाल वल्द सालेम. तुमच्या बागेला पाणी येतं तो वरचा पाट त्यानं खणला. दोन वर्षं लागली. त्यात त्याचे दोन भाऊ दरडीखाली गेले. त्यांचीही नावं लिहायची का?"

कारकून म्हणाला, फॉर्मवर एकाच नावाची जागा आहे. त्यानं बिलाल लिहिलं, शिक्का मारला आणि कागद भाऊजींच्या हातात दिला. तेवढ्यात आतलं दार उघडलं आणि ते तिला घेऊन गेले.